लंकाबाईनं जागा धरली

अखितीच्या जेवणात आमरसाची दुसरी वाटी संपत आली तरी दोघा भावांचं वाजलं नाही, तेव्हाच लंकाबाईनं ओळखलं, की पोरांनी आधी बसून काहीतरी ठरवलंय. एरवी अंगद आणि कल्याण एका पंगतीला आले, की पहिल्या घासालाच ठिणगी पडायची. थोरला अंगद म्हणायचा, मास्तरला काय, सुट्ट्याच सुट्ट्या. धाकटा कल्याण म्हणायचा, ऊसतोडीच्या मुकादमाला काय, फोनवर नुसतं ओरडायचं. आज मात्र दोघं एकमेकांना आग्रह करत होते. "कल्याणला वाढ गं अजून एक पोळी." "दादाला रस घाल." दोघा भावांचं प्रेम असं उतू जायला लागलं, की आपलं काहीतरी जाणार आहे, एवढं लंकाबाईला पक्कं ठाऊक होतं.

त्यात भिमाजीही आला होता. भिमाजी म्हणजे सहादेवचा धाकटा भाऊ, लंकाबाईचा दीर. स्वतःच्या शेतात त्यानं कधी धड पेरणी केली नाही, पण दुसऱ्याच्या घरचा निवाडा करायला बोलवलं, की धुतलेलं धोतर नेसून वेळेच्या आधी हजर. उंटावरून शेळ्या हाकण्यात अख्ख्या तिसगावात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

हात धुऊन सगळे ओसरीवर टेकले. सहादेव खांबाला पाठ लावून सुपारी कातरायला लागला. भिमाजीनं खाकरून घसा साफ केला.

"वैनी, तुमी शिमग्याला जे काढलं, त्याचा आज निकाल लावून टाकू."

लंकाबाईनं शिमग्याला काढलं होतं ते एवढंच, की आता आम्ही दोघं दर्याकाठी राहायला जाणार. गणपतीपुळ्याला देवदर्शन करून येतो म्हणून हिवाळ्यात म्हातारा-म्हातारी निघाली होती. देवदर्शन झालंच, खोटं कशाला बोला; पण परतताना दोघांनी किनाऱ्यावरची गावं पालथी घातली. वेळणेश्वर सुंदर, पण दवाखाना लांब. हर्णैला मासळीच्या लिलावाचा एवढा गलका, की शेजारी बसलेल्या सहादेवचं बोलणं ऐकू येईना. श्रीवर्धनला खोली मिळत होती, पण ती माडीवर, आणि सहादेवच्या गुडघ्यांचं माडीशी वाकडं. शेवटी गुहागर ठरलं. एसटी दारात, दवाखाना जवळ आणि नारळाच्या वाडीतली ओळखीची घरमालकीण. सहादेवनं आपल्या टोळीचा ट्रॅक्टर विकून बँकेत ठेवलेल्या पैशाचं व्याज दोघांच्या मीठमिरचीला पुरत होतं, कुणापुढं हात पसरायचा नव्हता. तरीही शिमग्यापासून घरात जी धुळवड सुरू झाली होती, ती अजून थांबली नव्हती.

"पोरांचं म्हननं वंगाळ न्हाई," भिमाजी पुढे म्हणाला. "तुमी जावा कल्यानकडं, राहात्याला. ज्योतीची नोकरी सुरू झालीय, मोनिका ल्हान हाय, तिच्याकडं बघायला घरचं मानूस पायजे. आन् दादा राहील हितं, अंगदकडं. अंगद सा म्हैनं टोळीवर आसतो. मागं जनावरं हायती, इहीर हाय. दोन्ही घरांचं भागलं, आन् म्हाताऱ्यांचंबी."

लंकाबाईनं दोन्ही पोरांकडे आळीपाळीनं पाहिलं. अंगद मिशीला पीळ देत होता. कल्याण मोबाईलवर बोट फिरवत होता, पण त्याच्या मोबाईलवर काहीच चाललेलं नव्हतं.

"म्हंजी वाटनी करताय आमची," ती म्हणाली. "भांडी वाटून झाली, वावर वाटून झालं. आता आई-बाप राह्यलं हुतं."

"आई, तसं नाही गं," कल्याण म्हणाला. शाळेत शिकवून त्याची भाषा धुतल्यासारखी झाली होती. "राहाता काय लांब आहे? आबा येतील-जातील. तू येशील-जाशील. पण ह्या वयात परक्या मुलखात, जिथे आपलं कोणी नाही, तिथे काय करणार तुम्ही? आणि तूच सांग, समुद्राचं आणि तुझं जमणार आहे का? विसरलीस? हंडे घेऊन धावली होतीस ती?"

भिमाजी आधीच हसायला लागला. ही गोष्ट घरात प्रत्येक सणाला निघायची आणि पुरणासारखी दर वेळी नव्यानं वाटली जायची.

कल्याणची पहिली नेमणूक गुहागर तालुक्यात झाली होती. मोनिकाचा जन्म तिकडचाच. बाळंतिणीचं करायला लंकाबाई गेली, तिच्याबरोबर सहादेवही गेला. पोहोचले त्या दुपारी समुद्र वाडीच्या कुंपणाशी आलेला. तो बघून लंकाबाईनं पुढं होऊन आधी ओंजळभर पाणी चाखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मागच्या दारी गेली, तर पाणी पार लांब सरकलेलं, मागं नुसती ओली वाळू. तळ्याचं पाणी असं मागं सरलं, की पाठोपाठ टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसावं लागतं, अशा गावची ती. धावत घरात आली आणि ओरडली, "उटा रं, पानी आटाय लागलं! हाय तवर भरून घ्या!" पाणी खारं आहे हे तिला आदल्या दिवशीच कळलं होतं, पण खारं तर खारं, निदान धुण्याला होईल, अशा हिशेबानं तिनं हंडा, कळशी आणि बाळाच्या अंघोळीची बादलीसुद्धा उचलली आणि वाळूतून पळत सुटली. वाडीतली पोरंबाळं कुंपणावर चढून हसली. ह्याच घरमालकिणीनं मग तिला हाताला धरून ओहोटी म्हणजे काय ते समजावलं.

"ओहोटीला भिणारी बाई समुद्राकाठी राहणार म्हणते," कल्याण हसत म्हणाला.

लंकाबाई हसली नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. पोरांचं काय, ती परक्या घरच्या सुनांची झालेली. पण सहादेव तिच्याबरोबर किनाऱ्यावरून फिरला होता, गुहागरच्या वाळूत बसून त्यानं शेंगा खाल्ल्या होत्या आणि "अगं, हितं गुडघं दुखत न्हाईत बघ," असं स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता.

"अवं, तुमी सांगा की ह्यांना," ती म्हणाली.

सहादेवनं अडकित्ता बाजूला ठेवला. खाली बघत तो म्हणाला, "पोरं म्हनत्यात तर... बघू. लोकबी नावं ठेवत्याल, म्हातारा-म्हातारीला पोरांनी घालवलं म्हून."

लंकाबाईनं दुष्काळ पाहिला, बाळंतपणं उसाच्या फडाशेजारी काढली, पण अशी एकटी ती कधीच पडली नव्हती. तिथं बसली असती तर डोळ्यांतून पाणी आलं असतं, आणि भिमाजीसमोर रडण्यापेक्षा तिनं विहिरीत उडी घेतली असती. पदर खोचून ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उष्टी ताटं गोळा करायला लागली.

सविता, थोरली सून, चुलीपाशी पोळ्या झाकून ठेवत होती. तिनं सासूच्या हातातली ताटं काढून घेतली.

"आत्याबाई, तुमी बसा."

"काय बसू? मला राहात्याला, त्यांस्नी हितं. त्यांच्या गुडघ्याला तेल कोन चोळंल? आन् त्यांची खोकल्याची गोळी कुठं आसती, ते त्यांचं त्यांनाच ठावं न्हाई."

सवितानं ताटं मोरीत ठेवली. तिच्यात आणि लंकाबाईत गेली कित्येक वर्षं विस्तव जात नव्हता. मीठ जास्त पडलं तरी कुरबूर, कमी पडलं तरी कुरबूर. पण लग्नानंतरचे पहिले हंगाम सवितानंही अंगदबरोबर ऊस तोडला होता. पहाटे फडात तो तोडायचा, ती मोळी बांधायची. टोळीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकजण आजारी पडलं, की दुसऱ्याचं काम नुसतं अर्धं होत नाही, पार मोडतं, हे तिनं हातांनी अनुभवलं होतं.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "आमची दोगांची भांडनं लई झाली. पर हे काय मला पटंना. जोडी कशी सोडवायची?"

लंकाबाईला आपल्या कानांवर विश्वास बसेना. तेवढ्यात ज्योती, धाकटी सून, पाण्याचा तांब्या घेऊन आत आली. तिनं शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"आत्या, एक सांगू? रागावू नका," ज्योती म्हणाली. "मोनिकासाठी मी पाळणाघर बघून ठेवलंय. आमच्या गल्लीतच आहे, बाई चांगल्या आहेत. ह्यांनाच ते पटत नाही. घरची आजी असताना पोर परक्याकडे ठेवली तर लोक काय म्हणतील, म्हणे. मी तुम्हाला मागितलं नव्हतं. म्हणजे, तुम्ही आलात तर आवडेलच, पण मामांना सोडून नाही."

ह्या घरात दोन्ही सुना आणि सासू एका बाजूला, असं आजवर एकदाच झालं होतं, घरात साप निघाला तेव्हा.

"मग हे बाहेर कोन बोलनार?" लंकाबाईनं विचारलं. "मी बोलले तर म्हननार, म्हातारी हट्टाला पेटली."

सवितानं हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि सरळ ओसरीवर गेली. दिराच्या आणि चुलत सासऱ्याच्या समोर तोंड उघडायची तिची ही पहिलीच खेप. तिच्या मागोमाग ज्योती, आणि दाराशी लंकाबाई.

"अवं मुकादम," सविता नवऱ्याला म्हणाली. घरात ती त्याला अशी हाक कधीच मारायची नाही, त्यामुळे अंगद दचकून सरळ बसला. "एक इच्यारू? तुमच्या टोळीत आर्धा कोयता घेता का वो?"

"आँ? आर्धा कसा घेनार? कोयता म्हंजी जोडी."

"आन् जोडीतला गडी एका टोळीत, बाई दुसऱ्या टोळीत, आसं कदी केलं का?"

"कोन करल आसं? गेल्या साली त्या दुसऱ्या मुकादमानं आसंच एका जोडीचं मागितलं, तर म्या त्याला..." अंगदचं वाक्य तिथंच अडकलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गेल्या साली तो त्या मुकादमाच्या अंगावर धावून गेला होता, 'मानसं हायती का बैलं' म्हणून अर्ध्या बाजारात बोंबललेला, आणि ती गोष्ट त्यानं घरी येऊन मोठ्या अभिमानानं सांगितली होती.

"मग आबांचा आन् आत्याबाईंचा कोयता तुमी का मोडताय?" सविता म्हणाली.

भिमाजीनं मान झटकली. "आरं, बायकांनी मधी बोलायची ही कुठली रीत?"

"चुलते, ती बोलतीय ते खरं हाय का खोटं, ते सांगा," अंगद म्हणाला. आवाज एकदम उतरला होता. कल्याणनं भावाकडे पाहिलं, आपला भिडू पलीकडे गेल्याचं त्याला दिसलं, आणि तो बायकोकडे वळला, तर ज्योती त्याच्याकडे बघून हळूच म्हणाली, "पाळणाघराचं मी त्यांना सांगितलंय." मास्तरांच्या चेहऱ्यावर मग शाळा तपासणीला साहेब आल्यासारखी कळा आली.

लंकाबाई उंबऱ्यातून पुढं आली. आता तिला रडू येत नव्हतं.

"कल्यान, तू मघाशी हसलास. व्हय, पळाले हुते मी हंडा घिऊन. भ्याले हुते. पर त्या दिसाचं पुढलं तू कदी सांगत न्हाईस, कारन तू साळंत गेल्ता. मी दिसभर वाळूत बसून राह्यले. घरमालकीन म्हनली हुती, पानी येतंय माघारी. माजा इस्वास न्हवता. आपल्या तळ्याचं गेलेलं पानी कदी माघारी आलंय का? आपल्या आडाचं? हितं पानी गेलं की गेलं. तुजा आज्जा गेला तसं. तर सांज झाली, आन् ते आलं. हळूहळू आलं, माज्या पायाला लागलं. म्या जल्मात पयल्यांदा बघितलं, गेलेलं पानी आपल्या पायानं माघारी आलं. तवाच म्हनलं, लंके, म्हातारपनी हितं यायचं. सारी हयात पान्यामागं धावले मी. आता मी बसनार, आन् पानी माज्याकडं येनार."

भिमाजीनं तंबाखू मळायचं थांबवलं. कल्याणच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"परका मुलूख म्हनतोस," लंकाबाई पुढं म्हणाली, आता तिला थांबवणारं कोणी नव्हतं, "आरं, आमाला मुलूख कुठला परका? दर साली नवं शिवार, नवी मानसं. तुजा ह्यो दादा कुठं जल्मला? कोपीत जल्मला, उसाच्या पाचटाच्या छपराखाली. आन् त्या कोपीची जागा कुनी धरली हुती?"

सहादेव इतका वेळ खाली बघत होता. आता त्यानं मान वर केली.

"हिनं," तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सहादेव खांबाला धरून उठला. गुडघे कुरकुरले, पण उठला.

"भिमा, तुला ठावं न्हाई, तू कदी टोळीत आला न्हाईस. पोरांनो, तुमी ल्हान हुता. आमची टोळी नव्या शिवारात गेली, की ट्रॅक्टर हुबा राह्याचा आन् वरनं कुनी उतरायचं न्हाई. पयली ही उतरायची. डोक्यावर घागर. सगळं शिवार हिंडून बघायची, वारं कुठनं येतं, पानी कुठं हाय, सरपन कुठं मिळंल, पोरं कुठं खेळत्याल. मग एका जागी घागर टेकवायची आन् म्हनायची, हितं. तवा टोळी उतरायची. मुकादम म्या हुतो, पर जागा कायम हिनं धरली. हिनं धरल्याली जागा एकदाबी चुकली न्हाई. जागा हिनं धरायची आन् कोपी म्या बांधायची."

मग तो बायकोकडे वळला. बाकीचे ऐकत होते याचं भान त्याला राहिलं नाही.

"अगं, मी मघाशी बघू म्हनलो. मला वाटलं, मोनिकात तुजा जीव हाय. तुला राहात्याला जायचं आसंल, आन् माज्यापायी तू दर्याचं म्हनत आसशील. म्हून गप बसलो."

"आन् मी तुमच्या गुडघ्यापायी म्हनत हुते," लंकाबाई म्हणाली. "तितं दुखत न्हाईत म्हनला हुता ना."

"न्हाईच दुखत."

ज्योती खुदकन हसली, मग सविता, आणि मग अंगद असा गडगडून हसला, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. भिमाजीनं थोडा वेळ वाट पाहिली; निवाडा आपल्या हातातून केव्हाच गेलाय हे कळल्यावर त्यानं उरलेली पोळी मागून घेतली आणि रसात बुडवून खाल्ली.

"दसरा झाला की निघायचं," सहादेव म्हणाला. "टोळ्या निघत्यात, तवाच."

"टोळी निघायच्या आदी मी तुमाला सोडतो," अंगद म्हणाला. "माज्या टेम्पोनं."

"मी पण येणार," कल्याण म्हणाला. "घरमालकीण काकूंना मीच फोन करतो."

आणि तसंच झालं. दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर टेम्पो निघाला. पाथर्डी तालुक्यातलं ते वाळून पिवळं पडलेलं माळरान मागं पडलं, घाट उतरला आणि हवेला ओल आली. अंगद आणि कल्याण आळीपाळीनं गाडी चालवत होते आणि दर फाट्यावर रस्त्यावरून भांडत होते, त्यामुळे लंकाबाईला घरात सगळं ठीक आहे असं वाटत होतं. तिच्या मांडीवर जुनी पितळी घागर होती. ती तिनं टेम्पोत मागं ठेवू दिली नव्हती.

गुहागरला वाडीच्या फाटकाशी टेम्पो थांबला. घरमालकिणीनं दोन बिऱ्हाडं मोकळी ठेवली होती, एक रस्त्याकडेचं आणि एक मागं, समुद्राकडचं. कुठलं हवं ते बघून घ्या म्हणाली. कल्याण लगेच म्हणाला, रस्त्याकडेचं बरं, एसटी जवळ. त्यानं पिशवी उचलायला हात घातला. अंगदनं त्याचा हात धरला.

"थांब. आजून उतरायचं न्हाई."

सगळे टेम्पोपाशी उभे राहिले. सहादेव, दोन्ही पोरं, सुना, मोनिका. लंकाबाई घागर डोक्यावर घेऊन वाडीत शिरली. रस्त्याकडेच्या दाराशी थांबली, मान हलवली आणि पुढं गेली. विहिरीपाशी वाकून पाहिलं. पोहऱ्यातलं पाणी चुळीला घेतलं, गोड होतं, समुद्राला लागून असूनही गोड. पदर मोकळा सोडून वारा कुठून येतो ते बघितलं. सुरूच्या झाडांखाली पोरांना खेळायला जागा होती. मागच्या बिऱ्हाडाच्या ओट्यावरून पाणी चमकताना दिसत होतं. तिथं ती बराच वेळ उभी राहिली. टेम्पोतली एक पिशवीही कोणी हलवली नाही.

मग लंकाबाईनं दोन्ही हातांनी डोक्यावरची घागर उतरवली आणि ओट्यावर टेकवली.

"हितं!"

"उतरा रं!" सहादेव ओरडला, अगदी जुन्या मुकादमाच्या आवाजात, आणि अंगदनं सगळ्यात जड गाठोडं खांद्यावर घेतलं. कल्याण बाज ओढायला लागला. सुनांनी भांड्यांची पोती उचलली. नारळाच्या झावळ्यांखालून त्या घरच्या माणसांची रांग वाडीत शिरली, आणि शेजारच्या कुंपणावरून बघणाऱ्यांना वाटलं, कुणाची तरी वरातच आलीय.

सामान लागलं, पहिला चहा झाला. कपबशा विसळायला सविता मागच्या दारी गेली. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणारी ती. मघाशी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं पाणी लांब चाललं होतं, मागं नुसती ओली वाळू उरत होती. सविताच्या हातातून बशी निसटली. तिनं तिथूनच हाक मारली,

"आत्याबाई! आवं आत्याबाई, लौकर या! पानी चाललं!"

लंकाबाई ओट्यावर बसली होती. सहादेवचा पाय मांडीवर घेऊन ती त्याच्या गुडघ्याला तेल चोळत होती. तिनं मान वर केली नाही, की हात थांबवला नाही.

"जाऊ दी गं," ती म्हणाली. "येतंय माघारी."